तंबाखूचं पाणी

मोठीला जुळं झालं आणि त्यातलं एकच राहिलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात वर्षं अशीच ओळखतात. बाबांचा हात भाजला ते वर्ष, छप्पर उडालं ते वर्ष, मी पहिल्यांदा पानं खुडायला गेले ते वर्ष. जुळ्याचं वर्ष म्हटलं की मात्र सगळे गप्प होतात आणि कुणीतरी चहा ठेवायला उठतं.

आम्ही तिघी बहिणी. मोठी, मग मी मधली, आणि पुष्कळ वर्षांनी, आता काही होणार नाही असं सगळ्यांनी धरून चालल्यावर झालेली धाकटी. आम्ही तंबाखूच्या मळ्यावर राहायचो. मळा मालकाचा, भट्ट्या मालकाच्या, आणि भट्ट्यांच्या मागच्या ओळीतल्या आमच्या दोन खोल्याही मालकाच्याच. भट्टी म्हणजे विटांची उंच, बिनखिडकीची कोठी. हिरवी पानं काठ्यांवर ओवायची, त्या काठ्या आत पार आढ्यापर्यंत टांगायच्या, दार लिंपून बंद करायचं, आणि बाहेरच्या चुलाण्यात लाकडं घालून लोखंडी नळ्यांमधून धग आत फिरवायची. पान आधी पिवळं व्हायला हवं, मग सुकायला हवं. धग कमी पडली तर बुरशी, जास्त झाली तर पान काळं. चुलाण्यावर बाबा होते. हंगामात ते घरी जेवायला बसले तरी त्यांचा एक कान भट्टीकडेच असायचा. आई सावलीत बसून सुकलेली पानं निवडायची, रंगाप्रमाणे ढीग लावायची. मी रानात खुडणीला.

खुडणी सकाळी दव असतानाच सुरू व्हायची. ओलं पान अंगाला घासतं, त्याचं पाणी बाहीतून, पाठीवरून आत मुरतं, आणि नवीन माणसाला तंबाखू लागते. तोंडात कणभरही न घालता लागते. आधी तोंडाला पाणी सुटतं, मग डोकं गरगरतं, घाम फुटतो, आणि माणूस सरीतच ओकायला बसतो. आमच्याकडे त्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे हसणं. नवीन बाई ओकायला लागली की सगळी ओळ थांबून हसायची. मुकादम बांधावरून ओरडायचा, "काय गं, लागली का? मालकाच्या पिकावर नको, खाली ओक!" पंधरा दिवसांत ती बाई सरावायची, आणि पुढच्या नवीन बाईला सगळ्यात मोठ्याने हसायची ती तीच.

मला कधी लागल्याचं आठवत नाही. मोठीलाही नाही. आई आम्हाला ओवलेल्या काठ्यांच्या ढिगाशेजारी निजवून काम करायची. आमच्या नाकातोंडात, दुपट्यात, दुधाच्या वाटीत तंबाखूच होती. आई म्हणायची, "माझ्या पोरींचं रक्त वाळवलं तर मालक त्याचाही ढीग लावील."

शिवाय तंबाखू नुसती विकायची वस्तू नव्हती. गांधीलमाशी चावली, पान चोळ. कपड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून पान ठेव. भाजून केलेली पूड दाताला. कान दुखला तर बाबा विडीचा झुरका घेऊन धूर कानात फुंकायचे. कोबीच्या रोपांवर किडीसाठी चुरा. देठ उकळून केलेलं पाणी गुरांच्या गोचिडांना, आणि माणसाच्या डोक्यात उवा झाल्या किंवा अंगाला खरूज उठली, तर तेच पाणी माणसालाही. लहानपणी मला आणि मोठीला आईने ते लावलं होतं. झोंबलं, आम्ही घर डोक्यावर घेतलं, आणि खरूज गेली. दवाखाना लांब होता, आणि भट्टी दाराशी.

धाकटीच्या बाबतीत मात्र आईने वेगळंच ठरवलं होतं. धाकटी पोटात असताना आई वाकून पान उचलायची आणि दर दिवशी ओकायची, इतक्या वर्षांच्या सरावानंतरही. तेव्हाच तिने बाबांना सांगितलं, "दोन दिल्या तंबाखूला. तिसरी देणार नाही."

"मग काय काचेच्या कपाटात ठेवणार?" बाबा म्हणाले.

"ठेवीन. आणि किल्ली तुमच्याकडे देणार नाही."

आणि खरंच ठेवलं. कामावरून आलं की आम्ही आधी अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच धाकटीला उचलायचं. तिचं अंथरूण पलीकडच्या खोलीत, खिडकीखाली. पेटीतलं पान काढून टाकलं. कसर लागली तर लागू दे. सुट्टीत ओळीतली सगळी पोरं काठ्या ओवायला यायची, धाकटी यायची नाही. मुकादम तिला बाईसाहेब म्हणायचा. ती डबा घेऊन बांधावर आली की तो ओरडायचा, "बाजूला व्हा रे, बाईसाहेबांच्या हाताला चीक लागेल!" तंबाखूचा तो काळा चीक साबणाने जात नाही. आमचे सगळ्यांचे हात हंगामभर काळे. आई कधीकधी धाकटीचे हात धरून उलटेपालटे करून बघायची, बाजारात भाजी बघतात तसे, आणि काही न बोलता सोडून द्यायची.

धाकटीला नर्स व्हायचं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला जोडून नर्सांची शाळा होती. राहणं तिथेच, शिकणं तिथेच, आणि शिकून झालं की काम. दोनदा तिचं नाव थोडक्यात राहिलं. तिसऱ्या वर्षीही राहिलंच होतं, पण निवडलेल्या एका मुलीच्या छातीत तपासणीच्या वेळी डाग निघाला, तिला परत पाठवलं, आणि तिच्या जागी धाकटीचा नंबर लागला. वयाच्या अटीने तिचं ते शेवटचं वर्ष होतं. आता फक्त डॉक्टरची तपासणी राहिली होती. आमच्या बाजूच्या मुलींना आमच्याच दवाखान्यातला डॉक्टर तपासायचा, त्याचा दाखला घेऊन त्याच दिवशी शाळेत हजर व्हायचं. सोमवार ठरला.

यंदा नाही तर पुन्हा कधीच नाही. मग काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं. खुडणीला माणसं नेहमीच कमी पडायची.

त्याच दिवसांत मोठीला जुळं झालं. तिचा नवरा गाडीवर, बाहेरच बाहेर. सासूला धड दिसत नव्हतं. धाकटी मदतीला गेली. एक बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं जगलं, आणि धाकटी तिथे मोठीच्या जावेच्या मुलांबरोबर एका अंथरुणात निजून महिनाभर राहिली. परत आली ती खाजवतच आली. आम्ही म्हटलं, दमलीय, घाम आला असेल.

शुक्रवारी दुपारी ती भांडी घासताना घासणीच्या टोकाने मनगट खरवडत होती. आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"इकडे ये. हात दाखव."

"डास चावलेत गं."

"डास बोटांच्या बेचक्यात चावत नाहीत. पोट दाखव."

धाकटीने दाखवलं. कमरेच्या नाडीच्या रेषेत, काखेत, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. खाजवून खाजवून काही फुटल्या होत्या, त्यांवर खपल्या धरल्या होत्या. आई बराच वेळ बघत राहिली.

"मोठीच्या घरची भेट," ती म्हणाली.

"जाईल ना?" धाकटीने विचारलं.

"जाईल. सोमवारच्या आत जाईल का, ते बघू."

संध्याकाळी बाबा जेवायला आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मलम मिळतं की. गंधकाचं. मुकादमाच्या नातवाला दवाखान्यातून आणलं होतं."

"कुणाकडून आणलं होतं?"

"डॉक्टरकडून."

"आणि सोमवारी हिला तपासणार कोण?"

बाबांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"म्हणजे आपणच जाऊन सांगायचं," आई म्हणाली, "की साहेब, आमच्या मुलीला खरूज आहे, सोमवारी आठवणीने बघा. चोराने चौकीत जाऊन झोपायला जागा मागायची, तसलं."

"विचारून बघू. आठवडाभर पुढे ढकलतीलही."

"नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "त्या मुलीला परत पाठवलं तेव्हा कुणी आठवडा दिला नाही. माझ्यामागे अजून कितीतरी जणी आहेत. त्या डॉक्टरने नुसतं त्वचारोग असं लिहिलं, की झालं."

आईने उरलेलं कालवण झाकून ठेवलं. मग आई म्हणाली, "तंबाखूचं पाणी करते."

धाकटी हसली. "जन्मभर मला तंबाखूपासून लांब ठेवलंस, आणि आता अंघोळ घालतेस?"

"एकदाच. आणि तेही तिच्यातून सोडवायलाच."

"जपून," बाबा म्हणाले.

"मला शिकवू नका. हिला आणि मोठीला मीच लावलं होतं. काही झालं का? ही बघा, मधली, घोड्यासारखी आहे."

"घोडी म्हण," मी म्हटलं, आणि आम्ही तिघी हसलो. बाबा हात धुऊन भट्टीवर गेले.

शनिवारी आईला निवडीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून रविवार ठरला. रविवारी निवड बंद असायची, पण भट्टीला रविवार नसतो. बाबांच्या भट्टीत पान पिवळं होऊन सुकायला लागलं होतं, म्हणजे धग वाढवत न्यायचे दिवस होते. ते सकाळपासून चुलाण्यापुढे होते.

आईने ढिगातली जाड, गडद पानं आणली. देठ नाही, पानं. म्हणाली, "एकदाच लावायचंय, तर एकदाच जाईल असं करू." मी मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलं. पानं त्यात मऊ झाली, पाणी आधी चहासारखं झालं, मग काकवीसारखं. वास इतका उग्र की माझ्यासारखीच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते निवेपर्यंत आईने भट्टीच्या मागच्या भिंतीला चादरी बांधून आडोसा केला. ती भिंत हंगामात कायम कोमट असायची. बायका तिला टेकून पाठ शेकायच्या. आईचं म्हणणं, अंग गरम राहिलं की औषध आत जातं. आम्हाला लावलं तेव्हाही तिथेच बसवलं होतं.

जेवणं झाल्यावर धाकटीला नेलं. आईने आधी खरखरीत कापडाने तिचं अंग घासलं, खपल्या निघेपर्यंत, कारण औषध मुळाशी पोचायला हवं. मग मी ओतत गेले आणि आई चोळत गेली. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत.

"आई गं! मिरची आहे का ही!"

"बोंबल. मोठी यापेक्षा जोरात बोंबलली होती."

पलीकडून मुकादमाचा आवाज आला. रविवारी तो एक चक्कर मारून जायचा. "काय वास सुटलाय हो! गोचिडं मारताय का?"

"हो," आई आडोशातून म्हणाली. "या, तुम्हालाही लावते थोडं. बरीच वर्षं मालकाला चिकटलात."

मुकादम हसत पुढे गेला. धाकटीही हसली. मग म्हणाली, "आई, पाठीवर अजून लाव. डॉक्टर पाठ बघतो म्हणे. एकही पुटकुळी दिसायला नको."

आईने दुसरा थर दिला. जुनी चादर त्याच पाण्यात बुडवून, पिळून तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला कोमट भिंतीला टेकून बसवलं. ऊन उतरेपर्यंत असंच बसायचं होतं, मग साबणाने अंघोळ.

मी हंडा घासायला घेतला. धाकटी काही वेळ बोलत होती. नर्सांच्या शाळेत दोघींना मिळून एक कपाट असतं, मोज्यांना भोक पडलं तर मोठी नर्स ओरडते, असलं काहीबाही. मग ती बोलायची थांबली. थुंकली. पुन्हा थुंकली.

"ताई," ती मला म्हणाली, "तोंडाला फार पाणी सुटतंय गं."

मी आईकडे बघितलं. आई हसली. मीही हसले. जन्मभर आम्ही हेच करत आलो होतो.

"लागली वाटतं बाईसाहेबांना," आई म्हणाली. "लागतेय म्हणजे काम करतेय. डोळे मिट, जाईल."

धाकटीने डोळे मिटले. तिच्या कपाळावर घाम होता, भिंतीच्या उबेने येतो तसा नाही, थेंब-थेंब. मग ती एका कुशीवर वाकून ओकली. आईने तिची पाठ धरली, तोंड पुसलं, साखरपाणी पाजलं. तेही बाहेर आलं.

"काढून टाकू का चादर?" मी विचारलं.

"अजून थोडा वेळ," आई म्हणाली.

"राहू दे," धाकटीही म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "आता एवढं झालंय तर राहू दे. पुन्हा नको हे."

हे तिचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर तिचे ओठ पांढरे पडले. हाताची बोटं आपोआप उडायला लागली, जशी झोपेत कुत्र्याची पावलं उडतात. आईने बोटं मुठीत धरली. ती आईच्या मुठीतही उडत होती. आई म्हणाली, "ए, माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे." धाकटीने डोळे उघडले, पण ते कुठेतरी भलतीकडेच बघत होते.

तेव्हा आई ओरडली. मी तिला तसं ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मुकादम परत येत होता, तो धावत आडोशाशी आला आणि लाज न धरता चादर बाजूला करून आत शिरला.

"कुणाला लावलंत? धाकटीला?" तो म्हणाला. "अहो, तिने कधी पान तरी धरलंय का हातात? ती नवीन आहे, बाई! नवीन!"

आई त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती निवडीला येणाऱ्या नवीन बायकांना सांगायची, पहिले दिवस बाह्या खाली ठेवा, दुपारी हात धुवा, हळूहळू सवय होईल. ओळीत तिच्याइतकं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण धाकटी तिची मुलगी होती, तंबाखूवाल्यांच्या तिसऱ्या पिढीची, आणि आईच्या मनात सवय ही रक्तातून येते असं कुठेतरी बसलं होतं. जिला आयुष्यभर सांभाळून बाजूला ठेवलं, तिच्याच अंगात सवय नव्हती, हे तिला मुकादमाच्या तोंडून कळलं.

मुकादमाने ती चादर फेकली आणि बाजूची बादली धाकटीच्या अंगावर ओतली. मग आम्ही तिघांनी पाणी ओतलं, साबण चोळला, पुन्हा पाणी. तपकिरी पाणी भिंतीकडेने वाहत गेलं. बाबा चुलाण्यावरून आले होते. ते मधे पडले नाहीत, नुसते दोन्ही हात पुढे करून उभे होते, कुणी तिला त्यांच्या हातात देईल म्हणून. आम्ही तिला कोरड्या कपड्यात गुंडाळलं आणि त्यांच्या हातांत दिलं.

"भट्टी?" मुकादमाने विचारलं. नुसत्या सवयीने विचारलं असणार.

बाबा म्हणाले, "जळू दे."

मुकादमाने मालकाचा ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत काठ्या होत्या, त्या त्याने पायाने खाली ढकलल्या. बाबा धाकटीला मांडीवर घेऊन बसले, आई तिचे पाय धरून, मी डोक्याशी. रस्ता खराब होता. दर खड्ड्याला धाकटीच्या तोंडातून एक आवाज यायचा, आणि तो आवाज आला की आम्हाला बरं वाटायचं. नाल्याच्या पुलानंतर आवाज यायचा थांबला. छाती हलत होती, पण श्वास मधेच अडायचा आणि उशिराने पुन्हा सुरू व्हायचा. बाबा मुकादमाला ओरडून सांगत होते, हळू चालव, मग म्हणत होते, जोरात चालव. गावातल्या शाळेची भिंत आली, तिथून दवाखाना दिसतो. त्या भिंतीपाशी श्वास अडला तो सुरू झालाच नाही. आई पाय चोळतच होती.

डॉक्टर घरून आला. जेवणावरून उठून आला होता, बनियनवर शर्ट घातलेला. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उचलून बघितल्या, छातीवर दोन्ही हातांनी दाब देऊन बराच वेळ खटपट केली. मग थांबला. अंगाला वास येत होता, तो त्याने ओळखला.

"किती लावलं?"

"सगळ्या अंगाला," आई म्हणाली.

"कशासाठी?"

आईने धाकटीच्या हातावर कपडा ओढला. अजूनही तिला ते डॉक्टरला सांगायचं नव्हतं, मला वाटतं. डॉक्टरने धाकटीचा हात उचलून बोटांच्या बेचक्यात बघितलं आणि हात पुन्हा खाली ठेवला. "उद्या हीच येणार होती ना माझ्याकडे?" त्याने विचारलं. बाबांनी होय म्हणून मान हलवली.  डॉक्टरने टेबलाचा खण उघडला, आतली दाखल्यांची वही बघितली आणि खण पुन्हा बंद केला.

भट्टीतलं पान त्या दुपारी वाया गेलं. चुलाणं कुणी बघायला नव्हतं, आधी धग चढली, मग विझली. आतलं सगळं पान काळं पडलं. मुकादमाने ते मालकाला काय सांगितलं कोण जाणे. त्यावरून बाबांना कुणी एक शब्द बोललं नाही. एवढं मी पाहिलं की तो स्वतः आत चढून काठ्या उतरवत होता, आणि काळं पान आमच्या दारावरून न नेता लांबच्या वाटेने टाकायला नेत होता. त्यानंतर तो आमच्यासमोर कुणाला "लागली का?" म्हणून ओरडला नाही. आम्ही नसलो की ओळ हसायची, ते लांबून ऐकू यायचं. माणसं नवीन यायची, ओकायची, सरावायची. त्याला काय करणार.

मोठी जगलेलं बाळ घेऊन आली होती. तिच्या अंगाला खरूज होतीच, बाळालाही उठली होती. आईने मला पाठवून दवाखान्यातून मलम आणवलं. आठवड्यात दोघंही साफ झाली.

काही दिवसांनी आई मला घेऊन शहरात गेली, नर्सांच्या शाळेत. कशाला, ते तिने सांगितलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं. मोठी नर्स पांढऱ्या केसांची, बुटकी बाई होती. आईने तिला उभ्यानेच विचारलं, "मुलीच्या अंगाला खरूज असली, तर तुम्ही परत पाठवता का?"

"खरूज?" ती म्हणाली. "छे हो. गावाकडून येणाऱ्या निम्म्या मुलींना असते. वेगळ्या खोलीत ठेवतो, मलम लावतो. बसा ना. कुणाबद्दल विचारताय?"

"कुणाबद्दल नाही," आई म्हणाली आणि बाहेर आली.

फाटकाशी तिने पहारेकऱ्याला तोच प्रश्न केला. तो तंबाखू चोळत बसला होता. तो म्हणाला, "पाठवतात तर. मागच्या वर्षी दोघी जणी रडत गेल्या इथून, खरजेपायीच. मी स्वतः त्यांच्या पेट्या उचलून दिल्या."

"नक्की?"

"आता मी कशाला खोटं बोलू, बाई?"

त्याने चिमूट पुढे केली. आईने नको म्हणून मान हलवली. वाटेत एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "मोठ्या नर्सला जास्त माहीत असेल ना?"

"ती आत बसते," आई म्हणाली. "कोण परत गेलं ते फाटकावरच्याला कळतं."

पुढे कधीही विषय निघाला की ती पहारेकऱ्याचंच सांगायची. त्या दोघी मुलींचं, त्यांच्या पेट्यांचं. हळूहळू त्या मुलींना तिने चेहरेही दिले. एक उंच होती, एकीच्या पायात चप्पल नव्हती. मी तिला कधी टोकलं नाही. बाबाही टोकत नसत. पुढच्या हंगामात ती पुन्हा निवडीला बसली. तिला दुसरं काम येत नव्हतं, आणि खोल्या मालकाच्या होत्या. घरात मात्र तिने तंबाखूचा औषधी वापर पार बंद केला. बाबांचा कान दुखला तर त्यांना एसटीने दवाखान्यात धाडायची. कोबीला कीड लागली तर लागू द्यायची.

बाबा आईच्या आधी गेले, खोकल्याने, एका पावसाळ्यात. त्यांच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरने विडी बंद करायला सांगितली होती, आणि त्यांनी ती केली नाही.

धाकटी गेली ती जुळ्याच्या वर्षी, भट्ट्यांचा हंगाम संपत आला असताना, रविवारी, दुपार कलायच्या आत. ती तेवीस वर्षांची होती. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि एका उन्हाळ्यात, सकाळी, पानं निवडता निवडता गेली.